एका संन्याशाच्या हिशेबातली रायफल

नांदेड, खास प्रतिनिधी – सप्टेंबर उजाडला की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील हुतात्मा स्मारकांना नवा रंग मिळतो. १७ तारखेला सकाळी ध्वजवंदन होते, भाषणे होतात, स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांचा सत्कार होतो. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी निघाल्या की बोलणे हमखास बंदुकीपाशी येऊन थांबते. कुणाच्या पडक्या वाड्याच्या माळवदाखाली ती सापडल्याचे सांगितले जाते, कुणाच्या आजोबांनी ती विहिरीत टाकल्याचे ऐकिवात असते, तर कुणी ती पोलिसांकडे जमा केल्याची पावती जपून ठेवलेली असते. त्यापाठोपाठ एक प्रश्न ठरलेला असतो. अशा जुन्या लष्करी रायफलीची आज किंमत किती?

या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. शस्त्रांचा जाणकार एक उत्तर देईल, कायदा दुसरे देईल आणि मराठवाड्याचा इतिहास तिसरे. ही तिन्ही उत्तरे एकमेकांशी ताडून पाहायची असतील तर ज्या लढ्यात या रायफली हातोहात फिरल्या, त्या लढ्याच्या नेत्याकडे वळावे लागते. हा नेता सेनापती नव्हता. भगव्या खादीतला तो संन्यासी होता, गांधीजींचा अनुयायी होता आणि सशस्त्र लढ्याच्या काळातील बहुतेक दिवस त्याने तुरुंगात काढले होते. तरीही त्याच्या संघटनेच्या नावाने रायफली आल्या आणि गेल्या, आणि त्यांची नैतिक जबाबदारी त्याच्या खात्यावर पडली. स्वामी रामानंद तीर्थ यांचे जीवन म्हणजे या अवघड हिशेबाची कहाणी आहे.

लोखंड आणि लाकूड

मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत ज्या रायफलीचे नाव सर्वाधिक येते ती 'थ्री नॉट थ्री'. हे नाव तिच्या नळीच्या व्यासावरून पडले, ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. स्कॉटलंडमध्ये १८३१ साली जन्मलेल्या आणि पुढे कॅनडा व अमेरिकेत वाढलेल्या जेम्स पॅरिस ली या कारागिराने तिची खटक्याची आणि काडतुसांच्या पेटीची रचना केली. ब्रिटिश लष्कराने ही रचना १८८८ मध्ये स्वीकारली. १८९५ मध्ये नळीतल्या खाचांची पद्धत बदलली आणि रायफलीला ली-एनफिल्ड हे नाव मिळाले. १९०७ मध्ये आलेला तिचा आखूड नळीचा 'मार्क तीन' हा प्रकार दोन महायुद्धांत हिंदी सैनिकांच्या खांद्यावर होता. वजन सुमारे ४ किलो आणि पेटीत १० काडतुसे. कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यातही ती मोठ्या संख्येने तयार झाली.

अशा रायफलीचे मोल ठरवण्याची जाणकारांची रीत ठरलेली आहे. दस्ता जिथे नळीला भिडतो तिथल्या लोखंडी पट्टीवर राजमुद्रा, कारखान्याचे नाव, वर्ष आणि प्रकार कोरलेला असतो. तो आधी वाचला जातो. मग बोल्टवरचा आणि मूळ सांगाड्यावरचा क्रमांक एकच आहे का, हे पाहतात. क्रमांक जुळले तर रायफल मूळ स्वरूपात आहे असे मानतात. न जुळले तर ती दोन-तीन रायफलींचे भाग एकत्र करून बनवलेली असण्याची शक्यता असते. त्यानंतर नळी तपासतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळी वेळीच धुतली नाही तर आतून गंज धरतो आणि खाचा झिजतात. शेवटी लाकूड. मूळ लाकूड, त्यावरचे शिक्के आणि वापराच्या खुणा यांना मान असतो. नव्याने घासून पॉलिश केलेला दस्ता पाहणाऱ्याला सुंदर वाटतो, पण जाणकाराच्या लेखी त्याची किंमत घटते.

आपल्याकडच्या शस्त्रांत आणखी एक बारकावा आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती दीर्घकाळ गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागचे शस्त्र ठेवले. पुढे पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी ईशापूरला थ्री नॉट थ्रीच्या नळ्या बदलून ०.४१० बोअरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी मस्केट तयार करण्यात आली. ती कुणी पळवली तरी लष्करी काडतूस तिच्यात चालू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे वरून थ्री नॉट थ्री दिसणारे शस्त्र प्रत्यक्षात पोलिसी मस्केट निघू शकते. कोणाला कोणते शस्त्र द्यायचे, यात सत्तेचा अविश्वास कसा मुरलेला असतो, हे त्या बदललेल्या नळीवरून कळते.

मात्र राजमुद्रा, वर्ष आणि क्रमांक एवढेच सांगतात की रायफल कुठे आणि केव्हा बनली. ती कोणी, कशासाठी हाती घेतली आणि कधी खाली ठेवली, हे लोखंडावर कोरलेले नसते.

खेडगीकरांचा व्यंकटेश

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते सोलापुरात आले आणि तिथेच राष्ट्रीय चळवळीचा वारा त्यांच्या अंगात शिरला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्या शोकाच्या दिवसांत या सतरा वर्षांच्याही आतल्या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. असा निश्चय त्या काळी अनेक तरुणांनी केला असेल. तो एक्कावन्न वर्षे पाळणारे थोडे निघाले.

असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढचे शिक्षण अमळनेर आणि पुणे येथील राष्ट्रीय शिक्षणसंस्थांत झाले. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी त्यांनी मिळवली. त्यानंतर काही काळ कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. कामगारांचे प्रश्न, त्यांच्या सभा, मागण्यांचे मसुदे आणि संघटनेचे रोजचे कामकाज हे सारे त्यांनी तिथे जवळून पाहिले. संघटना म्हणजे केवळ भाषणे नव्हेत, सभासदांची नोंद आणि वर्गणीचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा, हा धडा पुढे त्यांच्या कामी आला.

१९२९ च्या सुमारास ते निजामाच्या राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राष्ट्रीय शिक्षण देणारी शाळा चालवणे, हे त्या काळी धाडसच होते. शाळेचा पैसा तुटपुंजा, शिक्षकांचे राहणे साधे आणि सरकारची नजर कायम वक्र. हिप्परग्याच्या वास्तव्यातच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेशाचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. मात्र हा संन्यास हिमालयाकडे नेणारा नव्हता. अंगावरचे वस्त्र बदलले, काम तेच राहिले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत आले. मराठवाड्यातील कार्यकर्त्यांची एक अख्खी पिढी या दोन शाळांच्या परिसरात घडली.

१९३८ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन लातुरात भरले. त्याच वर्षी स्वामीजींनी शिक्षकाची नोकरी सोडून पूर्णवेळ राजकीय काम पत्करले. तेव्हाचे लातूर आजच्यासारखे जिल्ह्याचे ठिकाण नव्हते; उस्मानाबाद जिल्ह्यातील ती भरभराटीची व्यापारपेठ होती. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच निजाम सरकारने सप्टेंबर १९३८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी सत्याग्रहींच्या एका तुकडीचे नेतृत्व केले, अटक करून घेतली आणि दीर्घ कारावास भोगला. १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ चे आंदोलन यांतही तुरुंग त्यांच्या वाट्याला आला. इथपर्यंतच्या त्यांच्या आयुष्यात बंदूक होती ती केवळ पहारेकऱ्याच्या खांद्यावर.

शस्त्राची निकड

स्टेट काँग्रेसवरील बंदी जुलै १९४६ मध्ये उठली आणि स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले. पण तोपर्यंत संस्थानातले वातावरण बदलले होते. मूळ लातुरात वकिली करणारा कासीम रझवी मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा प्रमुख झाला होता आणि त्याच्या नेतृत्वाखाली रझाकारांची निमलष्करी संघटना फोफावत होती. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी नांदेड जिल्ह्यात बिलोलीजवळ अर्जापूर येथे काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. मराठवाड्यातील पुढच्या दिवसांची ती चाहूल होती. रझाकारांची संख्या पुढे दोन लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांशांकडे आधुनिक बंदुका आणि बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका व तलवारी असल्याचे सांगितले जाते.

एक कोटी साठ लाखांहून अधिक वस्तीच्या या संस्थानात १५ ऑगस्ट १९४७ हा स्वातंत्र्यदिन नव्हता. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्याच्या मागणीसाठी दिन पाळला आणि १५ ऑगस्टला तिरंगा फडकवणाऱ्या स्वामीजींना अटक झाली. नेते गजाआड आणि खेड्यांवर हल्ले, अशा स्थितीत स्टेट काँग्रेसची कृतिसमिती संस्थानाबाहेरून काम करू लागली. सरहद्दीला लागून भारतीय प्रदेशात तळ उभे राहिले. नांदेडच्या बाजूला यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड, लातूर-उस्मानाबादच्या बाजूला सोलापूर जिल्ह्याचा बार्शी परिसर ही त्यांची महत्त्वाची ठिकाणे होती. तळांवरच्या तरुणांनी करोडगिरीचे नाके उठवले, शिंदीची झाडे तोडून सरकारी महसुलावर घाव घातला, लेव्हीचे धान्य अडवले, पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. आत संस्थानात उदगीरजवळच्या हत्तीबेटासारखी ठिकाणे लढवय्यांचा आसरा झाली.

या तळांवर रायफलीचे मोल रुपयांत मोजले जात नव्हते. ज्या गावात पाटलाच्या घरची एखादी परवान्याची ठासणीची बंदूक वगळता शस्त्र नाही, त्या गावाला एका रायफलीने रात्रीचा पहारा मिळे. रायफल चालणारी असणे पुरेसे नव्हते. काडतुसे मिळाली नाहीत तर ती काठीपेक्षा जड ओझे ठरे. हीच टंचाई दुसऱ्या टोकाला वेगळ्या रूपात होती. भारताने शस्त्रपुरवठा रोखल्यावर निजाम सरकारने १९४८ मध्ये सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकरवी कराचीहून रात्रीच्या विमानांनी चोरून शस्त्रे आणवली. पुढे ब्रिटनमधील न्यायालयाने कॉटनला दंड केला तो २०० पौंडांचा. ज्या रायफलींच्या जोरावर खेडी उठवली जात होती, त्यांच्या चोरट्या व्यापाराची कायद्याने लावलेली किंमत एवढीच होती.

अहिंसेचे व्रत घेतलेल्या स्वामीजींपुढचा पेच इथे सुरू होतो. भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवड करायची असेल तर हिंसा परवडली, असे गांधीजींनी १९२० मध्येच लिहून ठेवले होते. पण त्याचा आधार घेऊन हात झटकणे सोपे होते आणि स्वामीजींनी ते केले नाही. नोव्हेंबर १९४७ अखेर जैसे थे करार झाला आणि त्यांची सुटका झाली. २६ जानेवारी १९४८ ला त्यांना पुन्हा अटक झाली. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत ते जेमतेम दोन महिने बाहेर होते. तळांवरची कोणती रायफल कुठे चालली, हे त्यांच्या हुकमाने ठरत नव्हते. तरीही या प्रतिकाराशी आपला संबंध नाही, असे त्यांनी नंतरच्या आयुष्यात कधी म्हटले नाही. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आठवणींत सरहद्दीवरील तळांची हकिगत त्यांनी उघडपणे मांडली.

उमरीचा हिशेब

या जबाबदारीची सर्वांत मोठी कसोटी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे लागली. रेल्वेमार्गावरचे उमरी हे व्यापाराचे गाव. तिथे हैदराबाद स्टेट बँकेची शाखा होती. ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी या बँकेवर धाड घातली आणि सुमारे २१ लाख रुपये हस्तगत केले. शस्त्रे, तळांचा खर्च आणि निर्वासितांची सोय यांसाठी पैशाची निकड होती. स्वामीजी त्या दिवशी निजामाच्या कैदेत होते. त्यांच्या दुसऱ्या अटकेला चारच दिवस झाले होते.

ही रक्कम हाली शिक्क्यात होती. हैदराबादचे हे स्वतंत्र चलन. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार रुपये, असा त्याचा भाव. संस्थानात भारतीय चलनाच्या वापरावर निजाम सरकारने बंधन आणले होते, तर सरहद्दीपलीकडच्या बाजारात कलदार चाले. म्हणजे कोणतीही खरेदी करायची तर आधी चलनाचा व्यवहार आला, त्यातली तूट आली आणि नोंदवहीत दोन रकाने आले. एवढी मोठी रोकड, तीही लढ्याच्या धामधुमीत, वाटेत गळायला किती वाटा असतात हे सांगायला नको. पण उमरीच्या पैशाचा हिशेब पै-पैसह ठेवला गेला, हे मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितले जाते. बँकेवरच्या धाडीचे धाडस जितके सांगितले जाते, तितकाच हा हिशेबही सांगितला जातो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दरोडा आणि लढा यांतला फरक त्या वहीने राखला.

नियतीचा योग असा की त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. अहिंसेला जीवन वाहिलेल्या महात्म्याचा शेवट पिस्तुलाच्या गोळ्यांनी झाला आणि त्याच तारखेला त्यांच्या एका अनुयायाच्या संघटनेचे सैनिक हाती शस्त्र घेऊन उमरीच्या बँकेत शिरले. तुरुंगातल्या स्वामीजींसाठी या दोन घटनांची बेरीज किती जड असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

रायफली खाली ठेवल्यानंतर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने कारवाई सुरू केली. मुख्य फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरली. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि १८ तारखेला संस्थानी फौजेचे प्रमुख जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे रीतसर शस्त्रे ठेवली. स्वामीजी तुरुंगाबाहेर आले. कासीम रझवीला अटक झाली, त्याला शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला.

एका आठवड्यात रायफलीचा भाव पालटला. कालपर्यंत जी जीवापाड जपली होती ती आज सरकारजमा करण्याची वस्तू झाली. ज्यांनी ती जमा केली त्यांची नावे नोंदीत आली. पण साऱ्याच बंदुका लगेच थंडावल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत संस्थानातील अनेक गावांत सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये दौरा करून या हिंसेत २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर नांदेडचे नाव आहे. तेव्हाच्या उस्मानाबादेत लातूर येत होते आणि बीदरमध्ये उदगीर. रझाकारांचा जुलूम खरा होता आणि हा सूडही खरा होता. समितीचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. मराठवाड्यात सापडणाऱ्या एखाद्या जुन्या रायफलीच्या मागे यांपैकी कोणता प्रसंग आहे, हे पाहिल्याशिवाय तिला हार घालणे धोक्याचे आहे.

स्वामीजींचे नंतरचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सत्तेची दारे उघडी असताना ते मंत्रिपदाच्या वाटेला गेले नाहीत. १९५२ मध्ये गुलबर्गा आणि १९५७ मध्ये औरंगाबाद येथून ते लोकसभेवर निवडून आले. हैदराबाद संस्थानाचे भाषावार विभाजन व्हावे, यासाठी त्यांनी आग्रह धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तेलंगणातील ज्या भागात जमिनीसाठी बंदुका उठल्या होत्या, तिथल्या पोचमपल्लीत १९५१ मध्ये विनोबांना पहिले भूदान मिळाले. स्वामीजी त्या चळवळीत सहभागी झाले. खादी आणि शिक्षण ही त्यांची आवडीची क्षेत्रे राहिली. नांदेडमध्ये १९५० मध्ये सुरू झालेल्या पीपल्स कॉलेजच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पी. व्ही. नरसिंह राव यांच्यासारखे पुढे देशाचे नेतृत्व करणारे कार्यकर्ते त्यांना गुरुस्थानी मानत. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. मागे घर नव्हते, जमीन नव्हती, वारस नव्हता. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतील मुलांच्या पदवीपत्रांवर ते नाव छापले जाते.

आजचा भाव

आता मूळ प्रश्नाकडे. कायद्याच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. थ्री नॉट थ्री हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर मानला जातो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय ती बाळगणे हा गुन्हा आहे, मग ती आजोबांची असो की वाड्याच्या पायात सापडलेली. त्यामुळे तिचा खुला बाजार नाही आणि खुला बाजार नसल्याने भावही नाही. परदेशातील लिलावांतले आकडे ऐकून इथे हिशेब मांडण्यात अर्थ नाही. मुळातच निकामी आणि दुरुस्तीनेही न चालणारे पुरातन शस्त्र कायद्याच्या कक्षेतून सुटू शकते, पण ते तसे आहे की नाही हे घरमालकाने ठरवायचे नसते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो. म्हणून जुनी बंदूक सापडली तर ती घासू नये, खटका ओढून पाहू नये, नळी कोणाच्या दिशेने धरू नये. आहे त्या ठिकाणी ठेवून पोलिसांना कळवावे. जमा करताना पावती घ्यावी आणि ती सांभाळून ठेवावी.

शस्त्र म्हणूनही तिचे दिवस सरले आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अत्याधुनिक बंदुकांसमोर काही पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्रीच होती, हे देशाने पाहिले. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर तिला निरोप दिला. लढण्याचे मोल शून्य, विकण्याचे मोल शून्य. मग उरते काय?

उरते ती नोंद. नांदेडकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब येथे गुरू गोविंदसिंगजींची शस्त्रे तीन शतके जपली गेली आहेत. तिथे कोणी पोलादाचे वजन विचारत नाही. ती कोणाची, एवढे ठाऊक असणे हेच त्यांचे मोल. १९४७-४८ च्या रायफलींबाबत आपण ही काळजी घेतलेली नाही. कोणत्या तळावर ती होती, कोणी वापरली, कोणत्या गावाच्या रक्षणासाठी वा कोणाविरुद्ध, कोणत्या दिवशी जमा झाली, हे सांगणारी माणसे एकेक करून गेली. त्यांच्या घरातील पावत्या, मानपत्रे, तुरुंगाचे दाखले, पेन्शनचे कागद आणि नातवंडांनी ऐकलेल्या हकिगती अजून आहेत. त्या लिहून घेतल्या, त्यातले अभिमानाचे आणि शरमेचे दोन्ही भाग एकाच वहीत ठेवले, तर पोलीस ठाण्याच्या मालखान्यातील गंजलेल्या लोखंडालाही संग्रहालयात जागा मिळेल. ते झाले नाही तर ती फक्त क्रमांक असलेली एक नळी राहील.

स्वामी रामानंद तीर्थ यांनी संघटनेच्या पैशाचा हिशेब दिला तसा तिच्या शस्त्रांचाही दिला. जे घडले त्यातले आपल्या सोयीचे तेवढे उचलले नाही. जुन्या रायफलीची किंमत ठरवू पाहणाऱ्या मराठवाड्याला मापनासाठी याहून विश्वासाचा काटा मिळणार नाही.